प्रमाण जास्त

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा भूपेंद्र जळगावच्या दवाखान्याच्या जिन्यात उभा होता. वडिलांच्या फुप्फुसातल्या गाठीची तपासणी, इंग्रजीत दोन पानं. चोपड्याच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. वाचून दाखवायला कुणी लागणार नव्हतं. पेशींच्या मृत्यूचं कुठलंसं प्रथिन, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत: प्रमाण जास्त. पेशंट किती दिवस काढेल याचा अंदाज त्यावरून बांधतात, एवढं त्यानं ऐकलं होतं.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची होती. खाली बाकावर आबा खोकत बसले होते. चाळीस वर्षं डाळ मिलच्या भुशात काढलेली छाती.

"काय शे रिपोर्टमा?"

"काही नाही आबा. डॉक्टर म्हणाल्या, औषधाची गरज नाही. घरी आराम करा."

केस गेलेली, ओकून ओकून वाळलेली माणसं त्यानं वरच्या वॉर्डात पाहिली होती. आबांचे उरलेले दिवस तसे जाऊ द्यायचे नाहीत, असं त्यानं तिथंच ठरवलं. गुरुवारी तो डॉक्टरांकडे गेलाच नाही. बायको कोकिळालाही त्यानं खरं सांगितलं नाही.

पहिले आठ दिवस आबा विचारत राहिले, "जळगावले परत कवय जानं शे?" मग विचारणं थांबलं. चिडणंही थांबलं. भूपेंद्र पाय चेपायला बसला की ते त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. "तू करशी ते बराबर."

आबांना उमगलं असावं, असं त्याला वाटलं. त्यानं रजा टाकली. आंघोळ घातली, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून भरवली. चार महिन्यांनी आबा त्याच्या मांडीवर गेले. लेक असावा तर असा, गल्ली म्हणाली.

वर्षभरानं शेजारच्या कौतिकला तोच आजार निघाला. त्याला घेऊन भूपेंद्रच जळगावला गेला. या वेळी दोघं आबांच्याच डॉक्टर मोहिनींसमोर बसले.

"प्रमाण जास्त आहे," रिपोर्ट बघत त्या म्हणाल्या.

भूपेंद्रनं मान खाली घातली. "मग घरी नेतो."

"घरी? अहो, ही तर चांगली बातमी! नाव मृत्यूचं असलं तरी या प्रथिनाचं प्रमाण जास्त असलं, की नवं औषध लागू पडायची आशा जास्त. लगेच सुरू करू."

कौतिकला त्यांनी वजन करायला बाहेर पाठवलं. भूपेंद्र जागचा हलला नाही.

"माझ्या वडिलांचंही जास्तच होतं," तो कसाबसा म्हणाला. "चुडामण नाव त्यांचं... आम्हाला माहीतच नव्हतं."

डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट बाजूला ठेवला.

"तुम्ही गुरुवारी आला नाहीत, म्हणून मी त्यांनाच फोन केला होता. औषधानं काही वर्षं मिळू शकतात, हे नीट समजावलं होतं. ते म्हणाले, माले समजनं बाई, पन औषध करानं पोऱ्याना मनमा नही शे. तुम्ही फोन करा व्हता, हाई त्याले सांगू नका."