ताईचं नवं चित्र

ताई चित्र काढायची आणि धाकटा भाऊ त्या चित्राकडे बघून व्हायोलिन वाजवायचा. जाड रेघ म्हणजे खालचा सूर, पिवळा ठिपका म्हणजे वरचा. त्यांच्या या नव्या कलेला लोकांनी आधी वेड्यात काढलं, मग डोक्यावर घेतलं.

पुढे ताईची दृष्टी गेली, पण तिनं ब्रश काही सोडला नाही. कॅनव्हासवर नुसता चिखल व्हायचा. तो जसाच्या तसा वाजवला तर ताई खचेल, म्हणून भाऊ तिची जुनी चित्रं आठवून वाजवू लागला. "जमलंय ना रे मला अजून?" असं तिनं खुशीत विचारलं, की तो "मस्तच!" म्हणायचा. हळूहळू तर त्यानं नव्या चित्राकडे बघणंही सोडून दिलं.

आजही त्यानं डोळे मिटून, जीव ओतून वाजवलं. ताईनं आज "जमलंय ना?" असं विचारलंच नाही.

"काय गं ताई, आवडलं नाही?"



"वाजवलंस छानच रे. पण आज मी ब्रशला हातही लावला नव्हता."