म्हातारी काय म्हणाली

वर्गातल्या पडद्यावर ते वाक्य आलं. ‘पाऊस आम्हाला विसरला, पण आम्ही पावसाला विसरलो नाही.’

उत्तर केनियातल्या दुष्काळावर ग्वेन प्रॉथरोनं बारा वर्षांपूर्वी लिहिलेल्या बातमीचा तो शेवट. एका म्हातारीच्या तोंडचा. बातमीला पुरस्कार मिळाला, गावाला जगभरातून धान्य गेलं. आता ग्वेन कार्डिफला आंतरराष्ट्रीय पत्रकारिता शिकवायची. एम.ए.च्या प्रत्येक तुकडीला ही बातमी दाखवायची. यंदा तिच्याकडे दाखवायला आणखीही कुणी होतं.

“त्या दिवशी माझा दुभाषा होता तो हा,” तिनं मागच्या बाकाकडे बोट केलं. “एकाई. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हा नसता तर मला तिथं साधं पाणी मागता आलं नसतं.”

सगळे वळले. एकाई कसनुसं हसला. ग्वेनच्या शिफारसपत्रावरच त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती. गेल्या रविवारी तो तिच्या घरी जेवूनही आला होता.

“मला मूळ वाक्य ऐकायचंय,” लात्व्हियाची इल्झे म्हणाली. “म्हातारी बोलली तसं. तुर्काना भाषेत.”

“अरे हो, म्हण ना एकाई!” ग्वेन खूश झाली.

एकाई उभा राहिला. वर्गात ती भाषा दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. तो काहीही म्हणाला असता तरी खपून गेलं असतं. त्यानं एकदा ग्वेनकडे पाहिलं. मग बोलला. बराच वेळ बोलला.

“बाप रे, केवढं मोठं!” इल्झे म्हणाली. “आणि इंग्रजीत एवढंसंच कसं झालं?”

ग्वेन हसली. एकाई हसला नाही.

“इंग्रजीतलं ती म्हणालीच नव्हती. ती म्हणाली, पाऊस नेहमीच दगा देतो, त्याचं काय रडता? विहिरीचा पंप या माणसानं विकून खाल्लाय. हे त्या गोऱ्या बाईला सांग. आणि याचं नाव लिहून घ्यायला सांग.”

“कुठल्या माणसानं?” ग्वेननं विचारलं.

“आपल्याला गाव दाखवत होता, तो सरकारी अधिकारी. तुमच्या शेजारीच उभा होता. मी घाबरलो. तोंडाला आलं ते सांगितलं. तुम्हाला आवडलं. तुम्ही दोनदा विचारून लिहून घेतलंत.”

“आणि ते धान्य?”

“आलं ना. वाटायला त्यांनाच नेमलं. अजून तेच वाटतात.”

ग्वेननं पडदा बंद केला. आता ही आपल्याला बाहेर काढणार, असं एकाईला वाटलं. ती मागं आली, त्याच्या समोरच्या बाकावर बसली आणि पिशवीतून वही काढली.

“बारा वर्षं उशीर झालाय,” ती म्हणाली. “नाव सांग. स्पेलिंगसकट.”

हे एकदा छापून आलं की एकाईला गावात पाऊल ठेवता येणार नव्हतं. ग्वेन पेन उघडून थांबली होती.

“पीटर लोमुरिया,” तो म्हणाला. “माझे वडील.”