उघडं छत

"शिडी नीट धर गं. तुझं लक्ष असतं कुठे?" दिनकरराव वरून पुटपुटले. हेमलतानं शिडी घट्ट धरली.

हॉटेलचं पीओपीचं छत काढल्यापासून दिनकरराव वरचे उघडे पाइप रोज पुसत. "डिझायनरबाई म्हणाल्या तेच खरं. हॉल दुप्पट वाटतो, हवा खेळते, गळती लगेच दिसते."

हॉल मोठा वाटत होता खरा. पूर्वी चार माणसं जेवायला बसली तरी हॉटेल भरलेलं दिसायचं. आता तीच चार माणसं लग्न उरकल्यावर कार्यालयात रेंगाळलेल्या पाहुण्यांसारखी दिसत, आणि दारातून डोकावणारं गिऱ्हाईक परत फिरे. आज तर ती चार माणसंही नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात आचारी हात पुसत उभा होता. "वहिनी, किती जणांचं टाकू?" असं तो रोज विचारायचा. आज त्यानं विचारलं नव्हतं.

"अहो, उतरा खाली."

"एकच पाइप राहिलाय."

आचाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती अगदी हळू बोलली; पण वर आवाज अडवायला आता काहीच नव्हतं, आणि शब्द सगळ्या हॉलभर घुमले.

"आपण हॉटेल बंद करूया."