ओटीचा खण

“मी कामाला नाय हिच्याकडे,” धोंडूबाईने इस्पितळाच्या खाटेवरूनच ठणकावून सांगितलं. “लिहा तसं.”

विमा कंपनीकडून चौकशीला आलेला जेन्सन लिहिता लिहिता थांबला. खाटेच्या दुसऱ्या बाजूला जयवंती कापडी पिशवी घेऊन उभी होती.

माणिकपूरला जयवंतीचा फराळाचा कारखाना. कारखाना म्हणजे दुकानामागची मोठी खोली, शेगड्या आणि दिवाळीपुरत्या येणाऱ्या बायका. त्या बायकांचाही विमा तिने यंदा उतरवला होता, तोही एजंटाने फारच पिच्छा पुरवला म्हणून. आणि यंदाच चकलीची कढई कलंडली. तेल धोंडूबाईच्या उजव्या हातावर सांडलं, पार कोपरापर्यंत. मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागेल, नाहीतर बोटं कायमची आखडतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. विम्याशिवाय ते ऑपरेशन जयवंतीच्या आवाक्यातलं नव्हतं, मग धोंडूबाईच्या तर कुठलं असणार!

“मग तुम्ही तिथे काय करत होता, आजी?” जेन्सनने विचारलं.

“काय करनार? चकल्या. पोरीच्या घरी फराळ निघाला का बाया जातातच हात लावायला. आमच्या गावात कोन त्याची मजुरी मागत नाय.”

जेन्सन वसईचाच. नाताळच्या आधी त्याच्या आईकडेही शेजारणी अशाच येऊन बसायच्या. त्यामुळे म्हातारीचं बोलणं त्याला लगेच पटलं, आणि घोळ झाला तो तिथेच.

“मॅडम, घरचं माणूस म्हणून कोणी मदतीला आलं असेल, तर क्लेम बसत नाही,” तो हळू आवाजात जयवंतीला म्हणाला. “मजुरी घेणारा कामगारच लागतो.”

धोंडूबाईने जयवंतीकडे बघून डोळे मिचकावले. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिच्या डोक्यात भरवलं होतं, की कामाला होते म्हणालीस तर मालकिणीला पोलीस धरून नेतील. ‘घाबरू नको बाय, मी हाय ना,’ असं तिने जयवंतीला आल्या आल्या कानात सांगितलंही होतं. तसं काही नसतं, विमा तुझ्यासाठीच आहे, म्हणून जयवंतीने परोपरीने समजावलं. पण ऐकेल ती धोंडूबाई कसली!

“मावशी, खरं सांग गं त्यांना.”

“खरंच सांगते. ही पोर माझी ओटी भरते, साहेब. दर दिवाळीला. कामवालीची कोन ओटी भरतं काय?”

जयवंतीच्या पिशवीत तेच होतं. खण, नारळ, तांदूळ. धोंडूबाईचे यजमान शत्रुघ्नकाका गेले तेव्हापासून तिच्या पदरात कोणी तांदळाचा दाणा घातला नव्हता. विधवेची ओटी कोण भरणार? जयवंतीने भरली. सासू आ वासून बघत राहिली होती, आणि धोंडूबाई पदर पोटाशी घट्ट धरून लहान मुलीसारखी रडली होती. तेव्हापासून हंगामाचे पैसे जयवंती खणाच्या घडीत घालून ओटीतच द्यायची. मजुरी हा शब्द दोघींपैकी कोणी तोंडातून काढला नव्हता.

“मॅडम, तुम्हीच सांगा,” जेन्सन म्हणाला. “या तुमच्या कोण?”

जयवंतीने बँडेजमध्ये गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. बोटांची फक्त टोकं दिसत होती. ह्याच बोटांनी धोंडूबाईने तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिच्या लेकरांना तेल चोळलं होतं.

“कामगार,” ती म्हणाली.

“आणि ती ओटी?”

“मजुरीच आहे ती. खणात घालून देते, एवढंच. ओटी आपली नावाला.”

इतकं सरळ बोलता आलं याचीच तिला लाज वाटली. जेन्सनने लिहून घेतलं. बाकीच्या बायकांनाही विचारावं लागेल, पण आता काम होईल, असं म्हणून तो निघून गेला.

धोंडूबाई छताकडे बघत पडली होती.

“मावशी, हातासाठी बोलले गं मी. तुझा हात वाचायला हवा.”

“वाचंल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. चार शिव्या घातल्या असत्या तर जयवंतीला बरं वाटलं असतं. डोळे पुसत तिने पिशवीतून नारळ काढला, तांदूळ काढले, खणाची घडी काढली आणि दरवर्षीसारखी ओटी भरायला खाली वाकली.

धोंडूबाईने डाव्या हाताने पदर ओढून घेतला आणि कमरेखाली दाबून ठेवला. मग तोच हात उघडून पुढे केला.

“हातात दे, शेठानी,” ती म्हणाली. “मजुरी पदरात नाय घेत.”