न पटणारा सभासद

"हा बिल्ला मला नका दाखवू," नर्स म्हणाली. "गेल्या खेपेलाही काचेवर असाच चिकटवलेला होता."

जुन्या गाड्यांच्या त्या दुकानाच्या मालकाने गाडीविक्रेत्यांच्या असोसिएशनच्या बिल्ल्यावर टेकवलेलं बोट हळूच मागे घेतलं. खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. गेल्या खेपेची हकिगत तिने उभ्या उभ्याच ऐकवली. शहर दुसरं, असोसिएशन दुसरी, विकणारा मात्र असाच गोडबोल्या. आठवडाभरातच उतारावर ब्रेक लागेनासे झाले. मागच्या सीटवर लेक होती. रस्त्याच्या कडेला कुणीतरी वाळूचा ढीग टाकून ठेवला होता म्हणून दोघी वाचल्या.

आता तिची बदली लांबच्या इस्पितळात झाली होती. लेकीची शाळा त्याच वाटेवर, आणि बसचा काही नेम नव्हता. गाडी घेणं भागच होतं. आणि गाडीत लेकीला बसवायचं मनात आलं की तिला तो उतार आठवायचा.

"बिल्ला लावला म्हणजे माणूस सरळ होतो का हो?" तिने विचारलं. "तुम्ही सगळे आतून एकच."

"आमच्याकडे एक नियम आहे," मालक म्हणाला. "सभासदाची गाडी दुसऱ्या सभासदानं तपासल्याशिवाय विकता येत नाही. तपासणारा कोण, ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. ज्याला निवडाल त्याला यावंच लागतं."

त्याने भिंतीकडे हात केला. तिथे झाडून सगळ्या सभासदांचे फोटो लावले होते. ती एकेका हसऱ्या चेहऱ्यापुढून सावकाश फिरली आणि गर्रकन वळली.

"यातल्या कुणाशी तुमचं अजिबात पटत नाही?"

गाडीखाली आडव्या झालेल्या मेकॅनिकला फिसकन हसू फुटलं. मालक हसला नाही. त्याने एका फोटोकडे बोट दाखवलं. तेवढा एकच माणूस कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"समोरचं दुकान याचं. पूर्वी आम्ही भागीदार होतो. आता एकमेकांचं तोंड पाहत नाही."

"मग यांनाच बोलवा."

बाई हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला चांगलं ठाऊक होतं. मेकॅनिक रस्ता ओलांडून गेला आणि समोरच्याला घेऊन आला. आठ्या फोटोतल्यासारख्याच होत्या. मालकाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बाह्या सरसावल्या आणि सरळ तिने पसंत केलेल्या गाडीखाली शिरला.

"सांग त्याला, हँडब्रेक सैल आहे," गाडीखालून आवाज आला.

"सांग त्यांना, नंतर आवळून देतो," मालक मेकॅनिकला म्हणाला.

"सांग त्याला, नंतर नाही. आत्ता. माझ्यासमोर."

दोघांमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं. बिचारा मेकॅनिक नुसती मान इकडून तिकडे फिरवत होता. हँडब्रेक आवळून झाला. मग समोरच्याने चारही चाकं उतरवून ब्रेक पाहिले. मागच्या सीटचे पट्टे हिसडून पाहिले, त्यातला एक अडकत होता, तो बदलायला लावला. मालकाने जे निघालं ते मुकाट्याने दुरुस्त करून दिलं.

त्यानंतर समोरच्याने नर्सला शेजारी बसवलं आणि गाडी गावाबाहेरच्या खड्या उतारावर नेली. अर्ध्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"डोळे मिटून कसं कळणार? आता तुम्ही चालवा," तो म्हणाला.

पहिल्या खेपेला तिने उतार सुरू होताच ब्रेक करकचून दाबला. मग त्याने पुन्हा वर न्यायला लावलं, पुन्हा खाली आणायला लावलं, आणि तिला नीट जमेपर्यंत तो तिच्या शेजारी आठ्या घालून बसून राहिला.

दुकानात परतल्यावर तिच्या मनातली शेवटची शंका बाहेर आली. "तुम्ही गाडी मुद्दाम नापास केली असतीत तर मी आल्या पावली निघून गेले असते. यांचं चांगलं नुकसान झालं असतं. तुम्हाला तेच हवं असेल ना? मग तसं का नाही केलंत?"

त्याच्या आठ्या आणखी वाढल्या. मालकाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "माणूस वाईट आहे. गाडी चांगली आहे."

आणि निरोपबिरोप न घेता रस्ता ओलांडून गेला. त्या खडूस माणसाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत इतका सरळ माणूस तिने पाहिला नव्हता.

मालकाने किल्ली पुढे केली तेव्हा मात्र तिला ओशाळल्यासारखं झालं. "माफ करा हं," ती म्हणाली. "तुमच्या वैऱ्यालाच तुमच्या दुकानात आणायला लावलं मी."

"त्यात कसली माफी?" मालक समोरच्या दुकानाकडे पाहत म्हणाला. "माझी मुलगी रोज ज्या गाडीनं कामाला जाते ना, ती मी याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तपासू देत नाही."