मडक्याचा तळ

"चावी साहेबांकडे आणि साहेब रजेवर," हे ऐकून तीनदा परत गेलेल्या गिरिजासाठी आज संग्रहालयातलं ते कपाट एकदाचं उघडलं. आतल्या तीन हजार वर्षांच्या मडक्याच्या तळावर धान्याच्या दाण्यांचे ठसे असल्याचं तिने जुन्या अहवालात वाचलं होतं. ते दाणे कसले, यावरच तिचा प्रबंध अडला होता.

"ताई, जपून हं," पहारेकरी हिवाळेकाका म्हणाले.

तिने भिंग काढलं, मडकं हलकेच उलटं केलं. तळावर पांढऱ्या ऑइलपेंटने जाडजूड क्रमांक रंगवला होता, नेमका ठशांवर. खळगे रंगाने गच्च भरले होते.

"हे कोणी केलं?" तिचा आवाज चढला.

"मीच!" काका खुलले. "गुळगुळीत जागेवर रंग टिकेना, म्हणून ही खडबडीत जागा शोधली. वीस वर्षं झाली, एक टवका उडाला नाही."