सहावी सही

मालिकेचा शेवटचा भाग संपला आणि वेडनं रिमोट आपटला. "सहा सुपरहिरो इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून लढले, आणि त्यातल्या एकीचे पंख जळले तसे बाकीचे पाच तिला टाकून चालते झाले? एकानंही वळून बघू नये? लेखकांना लाज कशी नाही!"

"निषेधाचं पत्र धाडू," कोरीन म्हणाली. "आपल्या सहाही जणांच्या सह्यांनी."

"मार्सीची सही कोण आणणार?" वेडनं विचारलं.

चाहत्यांच्या संमेलनात दरवर्षी हे सहा मित्र त्याच सहा जणांची सोंगं घेऊन मिरवत. पंख मार्सीचे असत. अपघातानंतर ती आली नव्हती, आणि तिच्याकडे कुणी फिरकलंही नव्हतं.

कोरीननं कपाटावरचे पंख उतरवले. "पत्र मरू दे. गाडी काढ, आणि डिकीत व्हीलचेअरपुरती जागा कर."